कापलेल्या पटावरची राणी

मित्रांनो, लोक मला राणी म्हणतात, पण माझी उंची तुमच्या करंगळीएवढीच आहे. मी बुद्धिबळातली एक जुनी सोंगटी. तुमच्याकडे राजाच्या शेजारी वजीर उभा राहतो, आमच्या थंड मुलखात त्या जागी राणी बसते. आज या राण्या पटभर सुसाट धावतात असे मी ऐकते. माझ्या काळी तसे नव्हते. एका वेळी एकच घर चालायचे, आणि तेही तिरके. त्यामुळे मला कुठेही पोचायला फार वेळ लागे. गोष्ट सांगतानाही माझे तसेच होते. तुम्ही जरा दमाने ऐका.

माझी सर्वांत जुनी आठवण हिरव्या पाण्याची आहे. तेव्हा मी राणी नव्हते, एका प्रचंड समुद्री प्राण्याचा सुळा होते. तो प्राणी मला बर्फात रुतवून पाण्यातून स्वतःला वर ओढून घेई आणि मग तासन् तास उन्हात पडून राही. त्याचा श्वास माझ्या मुळापर्यंत येई. अजूनही कधी कधी आजूबाजूला सगळे शांत झाले, की मला तो श्वास ऐकू येतो. नंतर काय झाले ते नीट आठवत नाही. भाला, आरडाओरडा, जहाजाचा तळ, डांबराचा वास. डोळे उघडले तेव्हा, म्हणजे मला डोळे मिळाले तेव्हा, मी निडारोस गावात हाल्वार्ड नावाच्या कोरक्याच्या हातात होते.

नदीच्या मुखाशी त्याची कार्यशाळा होती. पलीकडे मोठे देऊळ बांधण्याचे काम चालू होते आणि दिवसभर दगडावर छिन्नी वाजत असे. हाल्वार्डची बायको बोथिल्ड दाराशी बसून सोंगट्या माशाच्या खरबरीत कातड्याने घासून गुळगुळीत करी. सुळा कोरायचा एक नियम असतो, मित्रांनो. वरचा थर दुधासारखा पांढरा असतो, पण आतला गाभा गोठलेल्या पेजेसारखा, ठिपक्याठिपक्यांचा. चांगला कोरक्या चेहरा नेहमी बाहेरच्या थरात काढतो आणि गाभा पाठीत लपवतो. राजा, धर्मगुरू, घोडेस्वार सगळे असेच कोरून झाले. मी शेवटची होते. सुळ्याचे उरलेले टोक माझ्या वाट्याला आले आणि हाल्वार्डने त्याच्या सुरीला एकच घास जास्त दिला. माझ्या डाव्या गालावर गाभा उघडा पडला.

"गेली!" तो म्हणाला. "रडून रडून गाल सुजल्यासारखी दिसतेय. हिला कोण राणी म्हणेल?"

बोथिल्डने मला उजेडात धरले. "रडलेली कुठली? आत्ताच बर्फातून घरी आलीय ती. गालावरचा बर्फ वितळायचाय अजून." मग ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुझं तरी तोंड कुठे धड आहे? मी म्हटलंच ना तुला नवरा!"

हाल्वार्ड हसला आणि मी वाचले. त्या बाईच्या एका वाक्यावर मी आठशे वर्षे जगले आहे.

आमच्यातल्या सोळा जणी पांढऱ्या राहिल्या. बाकीच्या सोळांना बोथिल्डने दगडफुलाच्या काढ्यात शिजवून लाल केले. मग एका खलाशाने आम्हाला लोकरीच्या मोज्यात भरले आणि आम्ही पश्चिमेच्या समुद्रावर निघालो. वादळाने त्याचे जहाज मेंढ्यांच्या बेटांवर नेऊन टाकले. तिथे झाड म्हणून नाही. नुसते गवत, कडे, पक्षी आणि धुके. खलाशी सबंध हिवाळा एका शेतकऱ्याच्या घरी राहिला, त्याच्या ताटात जेवला, आणि वसंतात निघताना आभार म्हणून तो मोजा खुंटीला अडकवून गेला. त्या शेतकऱ्याचा नातू केतिल. आणि केतिलच्या दोन मुली, योरुन आणि आल्फदिस. माझी खरी गोष्ट या दोघींची आहे.

केतिलची बायको लवकर गेली होती. त्याने मुलींना मेंढ्यांची लोकर उपटायला शिकवली, कड्यावर दोर बांधायला शिकवले आणि बुद्धिबळ शिकवले. समुद्रावर वाहत आलेल्या लाकडाचा एक पट त्याने स्वतः केला होता. त्या बेटावर लाकूड म्हणजे काय चीज, हे झाडांच्या देशातल्या माणसाला सांगून कळायचे नाही. थोरली योरुन पांढऱ्या सोंगट्या घेई. ती झटपट खेळे आणि हात सुटल्यावर विचार करी. धाकटी आल्फदिस लाल घेई, आणि ती इतका विचार करी की केतिल मध्येच जाऊन गायीचे दूध काढून येई.

"झाली का गं चाल?" तो दारातूनच विचारी.

"विचार करतेय, बाबा."

"कर, कर. गाय म्हातारी झाली, वासराचं दूध काढून आलोय मी!"

ते घर, ते हसणे मी कशी विसरू? दोन मुलींची डोकी पटावर वाकलेली असत, चुलीचा धूर छपरातल्या भोकाकडे सावकाश चढत असे, आणि केतिल वाळलेल्या मांसाची सळई चघळत आमच्याकडे बघत बसे. मला वाटे, हे असेच चालत राहणार.

एका उन्हाळ्यात, लोकर काढायच्या आदल्या दिवशी, तिघे अंगणात दगडावर पट मांडून बसले होते. मी घर घर चालत पार लालांच्या मुलखात शिरले होते. योरुनने मला आणखी एक घर तिरके सरकवले आणि हात काढून घेतला. त्याच क्षणी तिच्या बोटांत काहीतरी थरकले ते मला जाणवले. आता चाल आल्फदिसची होती.

इतक्यात कड्यावरून आरोळी आली. देवमाशांचा कळप खाडीत शिरला होता. त्या बेटांवर ही आरोळी आली की बाळ पाळण्यात आणि भाकरी तव्यावर टाकून धावायचे असते, कारण सगळ्या गावाचा हिवाळा त्या माशांवर निघतो. तिघे धावले. दोघी परत आल्या. केतिलची होडी एका शेपटीच्या तडाख्याने उलटली होती.

आठ दिवस तो पट अंगणातून उचलून आणलेला, तसाच चौरंगावर मांडलेला होता. कुणी आम्हाला हात लावला नाही.

मग वाटणी झाली. त्यांच्यात बाप गेल्यावर वाटणी करायला शेजारचा एखादा वडीलधारा बोलावतात, आणि तो म्हणेल ते पाळायचे असते. इथे बार्डकाका आले. बार्डकाका अत्यंत सरळ माणूस. सरळ माणसे किती नुकसान करू शकतात ते मी त्या दिवशी पाहिले. अर्धे म्हणजे अर्धे, हा त्यांचा बाणा. मेंढ्या निम्म्या निम्म्या केल्या. किनारा दोरीने मोजला. कढई योरुनला दिली आणि ती टांगायची साखळी आल्फदिसला.

"काका, मग मी शिजवू कशी?" योरुनने विचारले.

"ते तुमचं तुम्ही बघा. वाटणी बरोबर आहे की नाही?"

दोघी बहिणी त्या दुःखातही एकमेकींकडे बघून हसल्या. मग काकांची नजर आमच्याकडे वळली. पांढऱ्या सोळा योरुनच्या, लाल सोळा आल्फदिसच्या. "एक कमी नाही, एक जास्त नाही," काका खूश होऊन म्हणाले. राहिला पट.

"पट इथेच राहील," योरुन म्हणाली. "बाबांच्या घरातला आहे तो."

आल्फदिसचे लग्न ठरले होते. शरदात ती खाडीपलीकडे जाणार होती. "आणि माझा नाही का तो?"

"तू जातेयस, आल्फदिस. पट जात नाही."

"जातेय म्हणजे मी आत्तापासून पाहुणी झाले?"

"मी असं म्हटलं का?"

"आणखी कसं म्हणतात?"

शब्दाने शब्द वाढत गेला. बाप गेल्याचे रडू दोघींनी आवरून धरले होते, ते असे भलत्या वाटेने बाहेर पडले. आणि मग ते वाक्य आले, "मग कापा मधोमध!" दोघींच्याही तोंडून ते एकदमच निघाले. मी तिथेच होते, मी ऐकले. पण पुढे प्रत्येकीला फक्त दुसरीचाच आवाज आठवत राहिला.

आणि बार्डकाकांनी, त्या भल्या माणसाने, करवत आणली.

पट कापला जात असताना दोघींपैकी एकजण जरी "थांबा" म्हणाली असती! लाकडाचा भुसा जमिनीवर पडत राहिला. आल्फदिसने आपला अर्धा पट उचलला, लाल सोंगट्या ओच्यात घेतल्या आणि मागे न बघता गेली.

खाडी रुंद नव्हती. पलीकडच्या घराचा धूर इकडून दिसे, कुत्रा भुंकलेला ऐकू येई. पण त्या पाण्याला ओढ भयंकर होती. भरती थांबून ओहोटी लागायच्या मधल्या थोड्याच वेळात होडी पार करता येई. त्यामुळे न जाण्याला नेहमीच कारण मिळे. चौतीस वर्षे मिळत राहिले.

माझे दिवस मोज्यात गेले. योरुनचे लग्न झाले, मुले झाली. बाळांना दात यायचे दिवस आले की ती मला मोज्यातून काढी आणि त्यांच्या हातात देई. हिरड्या शिवशिवणाऱ्या बाळाला सुळ्यासारखे चावायला दुसरे काही नाही, असे तिथल्या बायका म्हणत. माझ्या मुकुटाकडे नीट पाहा, त्यावर सात बाळांच्या दातांच्या खुणा आहेत. त्यांतली तीन बाळे पहिला हिवाळाही पाहू शकली नाहीत. त्यांची नावे आता कुणाला ठाऊक नाहीत, पण त्यांचे दात माझ्यापाशी आहेत.

वर्षातून एकच दिवस मी पटावर उभी राही. लोकर काढायच्या आदल्या दिवशी योरुन आपला अर्धा पट भिंतीवरून उतरवी आणि पांढऱ्या सोंगट्या मांडी. अगदी त्या दिवशीच्या जागांवर. पण मी तर लालांच्या मुलखात शिरलेली! माझे घर त्या दुसऱ्या अर्ध्यात गेले होते. मग ती करवतीच्या कडेपुढे, चौरंगाच्या रित्या लाकडावर, बोटांनी घरे मोजून मला उभी करी. एक, दोन, इथे. मी तिथे उभी राहून समोर बघत राही. समोर कुणीच नसे. नुसता चौरंग, त्यापुढे दार, दारापुढे धुके. त्या धुक्यात मला लाल सोंगट्या दिसत. स्वप्नात दिसतात तशा, थोड्या हलणाऱ्या.

रोज सकाळी योरुनचे पहिले काम असे ते दारात येऊन पलीकडचा धूर बघण्याचे. मी खुंटीवरून ऐकत असे. त्या बेटावर लाकडाऐवजी दलदलीतल्या मातीच्या विटा वाळवून चुलीत जाळत.

"आज उशिरा उठलीय बया," ती पुटपुटे. किंवा, "हे बघा, ओली माती घातलीय चुलीत. बाबांनी किती वेळा सांगितलं हिला, पक्की वाळल्याशिवाय वीट जाळू नये म्हणून!"

तिची मुलगी रान्वेग तिशीची झाली होती. जीभ तिची वस्तऱ्यासारखी. ती म्हणे, "आई, तू मावशीशी बोलत नाहीस ना?"

"नाही बोलत."

"बरं झालं. बोलत असतीस तर आम्हाला घरात तोंड उघडायला जागा राहिली नसती."

आणि मग ती सकाळ आली. पलीकडे धूर नव्हता.

"झोपली असेल," योरुन म्हणाली. पण त्या दिवशी ती अकरा वेळा दारात गेली. दुसऱ्या दिवशी धुके उतरले. खाडी नाही, पलीकडचे घर नाही, आपले अंगणसुद्धा नाही. घर जणू ढगात तरंगत होते. योरुन दारात उभी राहून त्या पांढऱ्यात बघत राहिली, जणू डोळे ताणले तर ते विरळ होईल. तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश लख्ख झाले. पलीकडचे छप्पर स्पष्ट दिसत होते, गवत वाढलेले, हिरवे. धूर नव्हता.

"मावशीची माणसं कड्यांवर गेलीयत, पक्षी पकडायला," रान्वेग म्हणाली. "आठवडाभर येणार नाहीत. एकटीच आहे ती. मी विस्तव घेऊन जाते."

"मुळीच नाही."

"आई!"

"न मागता विस्तव न्यायचा?" योरुन कडाडली. "एवढी मोठी झालीस, तुला कळत नाही? न मागता विस्तव नेणं म्हणजे तोंडावर सांगणं, की बाई, तुला तुझी चूल राखता येत नाही. चौतीस वर्षांनी पहिल्यांदा तिच्या दारात जायचं, आणि तेही हे सांगायला? ती मरेल पण घेणार नाही. मी ओळखते तिला."

तिथली रीत खरोखरच तशी होती, मित्रांनो. मागितलेला विस्तव शत्रूलाही नाकारायचा नाही, आणि न मागितलेला सख्ख्या बहिणीकडेही न्यायचा नाही.

योरुन चुलीपाशी बसली. मग उठली. परत बसली. ती काहीतरी शोधत होती, आणि तिची नजर भिंतीवरच्या अर्ध्या पटावर गेली. ती एकदम ताठ झाली.

"होडी काढ," ती म्हणाली.

"विस्तव घेऊन?"

"विस्तव कशाला? तिची चाल राहिलीय. चौतीस वर्षं वाट बघतेय मी. तगादा लावायला चाललेय."

रान्वेगने आईकडे बघितले. आणि ती डोक्याला फडके बांधायला गेली.

पाणी शांत होते ना होते तोच होडी सुटली. मोजा योरुनच्या मांडीवर होता, अर्धा पट तिच्या काखेत. लोकरीच्या विणीतून मला निळे-पांढरे चमकताना दिसत होते, आणि वल्ह्यांच्या ठेक्यात मला पुन्हा तो जुना श्वास ऐकू येत होता. वर, खाली. वर, खाली. आपण परत त्या हिरव्या पाण्यात चाललो आहोत, असे मला वाटले.

"त्या फळीखाली काय आहे?" योरुनने मध्येच विचारले.

"कुठे? ते मडकं? मासळी आहे."

"मासळीतून धूर येतोय, रान्वेग."

"भाजलेली आहे."

योरुनने तोंड फिरवले आणि पलीकडच्या किनाऱ्याकडे बघत राहिली. ओहोटी लागली होती. होडी सारखी खाली ओढली जात होती आणि रान्वेग दात ओठ खाऊन वल्हवत होती. योरुनच्या ओठांतून शब्द येत होते, मला वाटते तिचे तिलाही ते कळत नसावेत. "जिवंत असू दे. असू दे. असू दे."

आल्फदिसच्या घरात काळोख होता. चुलीत थंड राख होती. कोपऱ्यातल्या बाकावर, मेंढीच्या कातड्याखाली कुणीतरी पडले होते. योरुन उंबऱ्यावरच थबकली. तिच्या हातातला मोजा तिने इतका आवळला की आम्ही सोळाही जणी एकमेकींवर घासल्या गेलो.

"दार लाव," कोपऱ्यातून आवाज आला. "वारा येतोय."

योरुनने श्वास सोडला. तीन दिवस ती तो धरून होती. "काय झालं तुला?"

"मांस वाळवायच्या खोपटाच्या पायरीवरून पडले. पाय सुजलाय. तुला काय करायचंय?"

"मला काय करायचंय! तुझी चाल राहिलीय, त्याचं काय ते बोल."

बाहेर समुद्रपक्षी ओरडत होते. मग आल्फदिस म्हणाली,

"घाई कसली? विचार करतेय मी."

रान्वेगला हसू आवरेना. ती मडके घेऊन गुपचूप चुलीपाशी गेली.

"विस्तव मी मागितला नाहीये," आल्फदिस लगेच म्हणाली.

"मी आणलेलाही नाही," योरुन म्हणाली. "ती मासळी आहे."

ठिणग्या वाळल्या मातीला धरल्या, धूर उठला, आणि त्या थोड्याशा उजेडात योरुनने बाकाजवळचे फळकूट पाहिले. मीही मोज्याच्या तोंडातून पाहिले. त्यावर दुसरा अर्धा पट मांडलेला होता. त्यावर लाल सोंगट्या उभ्या होत्या. रंग थोडा उडालेला, पण प्रत्येकजण त्या दिवशीच्या घरात. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये, जिथे मी असायला हवी होते, तिथे समुद्रकाठचा एक पांढरा खडा ठेवलेला होता. गुळगुळीत, माझ्या उंचीचा. चौतीस वर्षे माझे घर कुणीतरी राखून ठेवले होते, आणि मी मात्र दर वर्षी रित्या लाकडावर उभी राहून आपण निराधार आहोत असे समजत होते.

योरुन खाली बसली. तिने आपला अर्धा पट त्या अर्ध्याला लावला. तो नीट बसेना. एक अर्धा कोरड्या भिंतीवर राहिला होता, एक ओलीत, दोन्ही वेगवेगळे वाकले होते, आणि करवतीने खाल्लेले लाकूड तर कधीच भुसा होऊन गेले होते. मध्ये बोटभर फट राहिली. तिने तिच्यात लोकरीची पट्टी दाबली. पांढऱ्या सोंगट्या एकेक करून मांडल्या. मग तो खडा अलगद उचलला आणि मला त्या जागी ठेवले.

"हं," ती म्हणाली. "चाल."

आल्फदिस कोपरावर उठली. फार पुढे वाकून बघायचे नाटक तिने केले नाही. तिने हात पुढे केला, एक लाल प्यादे तिरके सरकवले आणि मला मारले.

मला पटावरून उचलून तिने मुठीत धरले. तिची मूठ बर्फासारखी गार होती, मग हळूहळू उबदार झाली.

"ते प्यादं मला दिसलंच नव्हतं," योरुन म्हणाली.

"दिसलं होतं. हात सुटल्यावर दिसलं. तुझं तोंड बघितलं ना मी."

"मग तेव्हाच का नाही मारलीस?"

"मारणारच होते," आल्फदिस म्हणाली. "तेवढ्यात आरोळी आली."

आणि मग त्या दोघी म्हाताऱ्या, वाकड्या पटावर हात टेकून, बापासाठी रडल्या. चौतीस वर्षांपूर्वी रडायचे राहून गेले होते ते रडल्या. रान्वेग चुलीकडे तोंड करून बसली आणि विस्तवाला फुंकर घालत राहिली. विस्तव तर केव्हाच पेटला होता.

तो डाव योरुन हरली. त्यानंतर सात हिवाळे त्या खेळत राहिल्या, कधी या किनाऱ्याला, कधी त्या. पट मात्र त्यांनी कधी जोडून घेतला नाही. एक अर्धा इकडे, एक तिकडे, म्हणजे भेटायला कारण राहील, असे योरुन म्हणे. आल्फदिस म्हणे, "हिला सुतार मिळत नाही, म्हणून बोलतेय."

पुढची गोष्ट मोठी असून थोडक्यातच सांगण्यासारखी आहे. दोघी गेल्यावर रान्वेगने आम्हा सगळ्यांना त्याच मोज्यात भरले आणि भिंतीतल्या कोनाड्यात ठेवले. तो पांढरा खडाही तिने आमच्यातच टाकला. पुढे कधीतरी कड्यावरून दरड आली आणि घर मातीखाली गेले. मी किती वर्षे अंधारात होते ते मला सांगता येणार नाही. मोजा कुजून गेला. पट कुजला. वर गवत उगवत राहिले आणि मेंढ्यांचे खूर मला दुरून ऐकू येत. मी झोपेत होते. झोपेत मी घर घर तिरकी चालत होते, आणि कुठेतरी एक मुलगी म्हणत होती, विचार करतेय, बाबा.

मग कुणाची तरी कुदळ लागली आणि उजेड आला.

आता मी एका काचेच्या पेटीत असते. पेटीत दिवा आहे, ऊब आहे, धूळ बसत नाही. माणसे फार काळजी घेतात, मला तक्रार नाही. पण एक गंमत झाली आहे. मातीने बोथिल्डचा लाल रंग पार पिऊन टाकला. आता आम्ही बत्तीसही जणी एकाच रंगाच्या आहोत, आणि कुठल्या लाल होत्या नि कुठल्या पांढऱ्या, यावर विद्वान लोक वाद घालतात. घालू देत. योरुन आणि आल्फदिस असत्या तर दोघी पोट धरून हसल्या असत्या.

दुःख एकाच गोष्टीचे वाटते. आमच्याबरोबर तो खडाही सापडला होता. "हा साधा दगड," असे म्हणून तो कुणीतरी बाजूला केला आणि आत कुठल्या तरी खणात टाकला. बत्तीस सोंगट्या मोजून भरल्या, मग तेहतिसाव्या वस्तूचे काम काय? त्या माणसाचे चुकले नाही. बार्डकाकांचेही हिशेबाने कुठे चुकले होते?

म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे आहे. तुमच्याही घरात कुणी जुने सामान आवरायला काढील. त्यात एखादी अर्धी फळी सापडेल, एकटाच मोजा सापडेल, काही न कळणारा दगड सापडेल. तो फेकण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला जाऊन विचारा. ते जरा वेळ लावतील सांगायला. लावू द्या. आणि कधी माझ्या पेटीपाशी आलात, तर तिथल्या माणसांना सांगा, तो पांढरा खडा माझ्या शेजारी आणून ठेवा म्हणून. मी नव्हते तेव्हा त्यानेच माझी जागा राखली होती.